निम्मी शिल्लक

इस्लापूरच्या शिवारात आमचा आखाडा आहे. त्याच्या उत्तरेच्या भिंतीशी, जिथं ऊन पोचत नाही आणि झड लागत नाही, तिथं सागाच्या फळीवर ती बसलेली असते. काळी, चौकोनी, डोक्यावर सहा झाकणं. उचलायची तर दोन गडी लागतात. आखाड्यावर बैल आहेत, गाय आहे, कुत्रं आहे. प्रत्येकाचा काही ना काही आवाज आहे. हिचा नाही. भर दुपारी पोट भरत आलं की आतून बारीक बुडबुडे फुटल्यासारखा सुर्रर्र आवाज येतो, तेवढंच तिचं बोलणं. आम्ही तिला नुसतं ‘बॅटरी’ म्हणतो. पण आबा घरातून निघताना ‘गाय कशी आहे’ विचारतात त्याच सुरात ‘बॅटरी कशी आहे’ असंही विचारतात.

आमचं इस्लापूर किनवट तालुक्यातलं. मुदखेडहून आदिलाबादला जाणारी रेल्वे इथून जाते, आणि जवळच सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळते. नदीपलीकडे यवतमाळ. एका अंगाला काळी कसदार जमीन, दुसऱ्या अंगाला सागाचं रान. रान जवळ म्हणजे रानडुक्कर जवळ, रोही जवळ, आणि पावसाळ्यात मण्यारही. अशा ठिकाणी रात्री आखाड्यावर राहणाऱ्या माणसाला उजेड चैनीसाठी लागत नाही. खाटेवरून पाय खाली टाकण्याआधी जमीन दिसावी म्हणून लागतो.

शेतात वीज आहे, पण ती मोटारीची. ती पाळीनं येते. कधी दिवसा, कधी रात्री. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. शेजारच्या रानात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतला पंपही बसला आहे. ऊन असलं की तो विहिरीचं पाणी झोकात वर फेकतो. पण त्याला बॅटरी नसते, त्यामुळे सूर्य कलला की तोही मुका होतो. दिवसाची सोय अशी होत चालली आहे. रात्र मात्र हिच्याकडेच आहे.

हिचं कूळ जुनं आहे. गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ साली शिशाच्या पट्ट्या आम्लात बुडवून पुन्हापुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. पत्र्यावरची सोलरची प्लेट तिच्यापुढे लहान. सिलिकॉनची कामाची सौरघटी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाली. जवळपास शंभर वर्षांच्या अंतरानं जन्मलेल्या या दोघी आमच्या आखाड्यावर एका वायरीनं बांधल्या गेल्या आहेत. एक कमावते, दुसरी सांभाळते.

तिच्या पोटात चालतं ते साधं आणि सुंदर आहे. एका बाजूच्या पट्ट्यांवर शिसं, दुसऱ्या बाजूला शिशाचं ऑक्साइड, मध्ये पाणी घातलेलं गंधकाम्ल. आपण दिवा लावला की आम्लातला गंधकाचा अंश दोन्ही पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि आम्ल पातळ होत जातं. सकाळी प्लेटवर ऊन पडलं की तोच अंश पट्ट्या सोडून परत आम्लात उतरतो. रोज जाणं, रोज येणं. मात्र तो पट्ट्यांवर फार दिवस बसून राहिला तर त्याचे कडक खडे होतात आणि मग ऊन कितीही पडो, तो हलत नाही. तिचा सगळा स्वभाव या एका गोष्टीत आहे. तिला रिकामं ठेवलेलं सोसत नाही.

हे आम्ही पहिली बॅटरी घालवून शिकलो.

त्या वर्षी सोयाबीनची मळणी चालू होती. रात्री माणसं मुक्कामाला. कुणीतरी इन्व्हर्टर आणला, त्यावर मोठा पंखा आणि टीव्ही लावला. भिंतीवरचा कंट्रोलर वीज कमी झाली की दिवे तोडतो. तेच त्याचं काम. पण तो सारखा तोडतो म्हणून मीच त्याला वगळून वायर थेट बॅटरीला जोडली. दोन रात्री तिनं काहीही न म्हणता सगळं दिलं. तिसऱ्या रात्री दिवे तांबूस होऊन विझले. त्यानंतर पाच दिवस आभाळ उघडलं नाही, आणि ती तशीच उपाशी बसून राहिली. ऊन पडल्यावर दोन तासांत आकडा भरल्याचा दाखवू लागली, आम्हीही हुरळलो. संध्याकाळी तीन दिवे लावले तर अर्ध्या तासात अंधार. भांडं भरल्यासारखं दिसायचं, आत खड्यांनीच जागा अडवलेली. पाच वर्षं टिकली असती अशी बॅटरी दीड वर्षात शिशाच्या भावानं वजनावर गेली.

आमच्याकडे सालानं असलेले मामा तेव्हा एवढंच म्हणाले, “दादा, कणगीतलं बियाणं खाल्लं की वो आपण.”

ते वाक्य मला कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त शिकवून गेलं. कणगी भरलेली असली तरी बियाण्याची ज्वारी वेगळी धरायची असते, हे आमच्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वर्ष वाईट गेलं, उसनं आणलं, पण बियाण्याला हात लावला नाही. या बॅटरीचंही तसंच आहे. तिच्यात असतं त्यातलं निम्मं आपलं. उरलेलं निम्मं तिचं, पुढच्या दिवसासाठी राखलेलं.

दुसरी बॅटरी आणली तेव्हा आधी हिशेब मांडला. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. म्हणजे आत १२०० वॅट-अवर. निम्मे ६०० आपले. नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास, १३५. डुकरांसाठी कुंपणाला लावलेली झटका मशीन रात्रभर, ६०. दोन मोबाइल, ३०. छोटा १२ व्होल्टचा पंखा आठ तास, १२०. एकूण ३४५. वर १५० वॅटची प्लेट, दक्षिणेकडे तोंड करून साधारण वीस अंशांत कललेली. पाच तासांच्या चांगल्या उन्हात ती ७५० देते. धूळ, उष्णता, वायर आणि बॅटरीची स्वतःची घट जाऊन ५०० च्या आसपास पदरी पडतं. उन्हाळ्यात निभतं. झडीच्या दिवसांत पंखा बंद करायचा. मग खर्च २२५ वर येतो आणि ऊन नसलं तरी अडीच दिवस निघतात. हा सगळा हिशेब आबांनी कंट्रोलरशेजारी भिंतीवर खडूनं लिहून ठेवला आहे.

हिच्या सवयी आता आम्हाला पाठ आहेत. तिला जाड वायर लागते. १२ व्होल्टवर तेवढ्याच दिव्याला घरच्या विजेच्या एकोणीस पट प्रवाह वाहावा लागतो. बारीक वायरीत तो वाटेतच दमतो. विहिरीवरचा दिवा मंद जळायचा, आम्ही दोनदा दिवा बदलला. दोष वायरीचा निघाला. तिला फक्त बॅटरीचं पाणी चालतं, विहिरीचं नाही, कारण त्यातले क्षार पट्ट्या बिघडवतात. वैशाखात दर पंधरवड्याला झाकणं उघडून पाहावं लागतं. ऊन तिचं अन्न असलं तरी उष्मा तिला मानवत नाही. दहा अंश उष्णता कायम जास्त राहिली तर आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून ती सावलीत आणि प्लेट उन्हात. प्लेटलाही मे महिना जडच. तापून ६५ अंशांवर गेली की जवळपास सहावा हिस्सा वीज कमी देते.

ती शांत आहे, पण तिला गृहीत धरायचं नाही. दोन टोकांवर पाना पडला तर डोळे दिपवणारी ठिणगी उडते, म्हणून तिच्यालगतच फ्यूज आहे. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. तिच्या खोलीत बिडी ओढायची नाही, हा मामांनी स्वतःच घातलेला दंडक. आणि कुंपणाला जातो तो तिचाच झटका, मशीनमधून, सेकंदाला एक आणि क्षणभराचा. जनावर दचकतं, मरत नाही. तारेत घरची वीज थेट सोडणाऱ्यांनी माणसं मारली आहेत. तो गुन्हा आहे आणि पापही.

लोक म्हणतात, आता लिथियमची आणा; ती हलकी, पाणी नको, खोलवर काढली तरी सोसते, वर्षंही जास्त टिकते. आणूही कधीतरी. पण मोजून वापरायला आम्हाला हिनंच शिकवलं.

गेल्या भादव्यात झड लागली होती. तिसरी रात्र, आणि गाय व्यायला आली. कंट्रोलरवर १२.२, म्हणजे निम्म्यावर. मामांनी अंगणातला दिवा घालवला, विहिरीवरचा घालवला, मोबाइल काढून ठेवले. गोठ्यातला एकच दिवा जळत राहिला. “दुसरा लावू का मामा?” मी विचारलं. “नगं. हितं दिसतंय तेवढं पुरं हाय. तिचं तिला राहू द्या.” पहाटे तीनच्या सुमारास त्या एका उजेडात कालवड जमिनीवर आली. मामांनी तिचं नाक पुसलं, गाय चाटू लागली, आणि मामांनी तोही दिवा बंद केला.

सकाळी दहाला ढग फाटले. मी ओल्या फडक्यानं प्लेट पुसली. त्या दिवशी नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी मामा उत्तरेच्या भिंतीशी टेकून बसले होते. त्यांनी बोटानं मला गप्प राहायची खूण केली. आतून तो बारीक आवाज येत होता, सुर्रर्र.

“ऐकलाव का,” मामा म्हणाले, “जेवली.”