हयातीचा दाखला

आपण जिवंत आहोत, ही गोष्ट माणसाला स्वतःपाशी कधी सिद्ध करावी लागत नाही. सकाळी जाग आली, गुडघा ठणकला आणि चहाची आठवण झाली, की तेवढा पुरावा पुरतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला मात्र हीच गोष्ट वर्षातून एकदा सरकारास पटवून द्यावी लागते. नोव्हेंबर महिना उजाडला, म्हणजे देशभरातील लक्षावधी वृद्ध माणसे धुतलेले कपडे घालून व जुन्या कागदांची पिशवी काखेत मारून या कामासाठी बाहेर पडतात. जे कागद मिळवावयाचे, त्याला आपल्याकडे ‘हयातीचा दाखला’ असे मोठे भारदस्त नाव आहे.

पुष्कळांना या प्रकाराचे हसू येते. समोर उभ्या असलेल्या माणसाने आपण हयात असल्याचे लिहून द्यावयाचे, यात विनोद आहे खरा. परंतु मागणी अगदीच वेडगळ नाही. पेन्शन घेणारा माणूस गेल्यावरही त्याच्या नावाने पैसे उचलले जातात, हा अनुभव सरकारला फार जुना आहे. सर विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे एका कंत्राटदाराच्या करारनाम्यावर त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. पुढे १८७७ साली हुगळीस मॅजिस्ट्रेट असताना त्याने दस्तऐवजांबरोबर पेन्शनरांच्याही बोटांचे ठसे घेण्याची पद्धत सुरू केली. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले, आणि ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. तेव्हा सरकारी कामात बोटांवरून माणूस ओळखण्याची विद्या याच भूमीत रुजली, आणि तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांत पेन्शनर होते, असे म्हणावयास हरकत नाही.

याच विद्येची आजची थोरली आवृत्ती म्हणजे ‘आधार’. त्यासाठीचे प्राधिकरण जानेवारी २००९ मध्ये स्थापन झाले व नंदन नीलेकणी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देण्यात आला. दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि एक छायाचित्र, एवढ्यावरून बारा आकडी क्रमांक मिळावयाचा. आज दिलेल्या क्रमांकांची संख्या १३० कोटींच्या पुढे गेली आहे. इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या थोड्या वर्षांत झालेले नोंदणीचे काम जगाच्या इतिहासात विरळा. ज्याच्यापाशी ना जन्माचा दाखला ना शाळेचा, अशा मजुरालाही बँकेत खाते उघडता आले. बिहारमधून पुण्यास बांधकामावर आलेल्या कुटुंबाला आता पुण्याच्या दुकानात आपल्या वाट्याचे धान्य घेता येते. याचे मोल नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तरीही माझ्या आत्याची हकीकत मी येथे सांगणार आहे. आत्या बडोद्यास राहतात. गायकवाडांच्या काळापासून त्या शहरात वाढलेल्या मराठी कुटुंबांपैकी एकात १९५९ साली त्या सून म्हणून गेल्या. वय आता चौऱ्यांशीच्या घरात. यजमान एका सरकारी खात्यात होते; ते गेल्यापासून आत्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यांचे माहेरचे नाव एका नदीचे. आपल्याकडील रीतीप्रमाणे लग्नात तांदळात अंगठीने लिहून त्यांना जे नवे नाव मिळाले, ते एका देवीचे. मराठी बाईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही तिन्ही एका दुपारी बदलत असत, आणि त्याची नोंद तांदळाच्या ताटाखेरीज कोठेही होत नसे. आत्यांच्या शाळेच्या दाखल्यावर नदी आहे आणि यजमानांच्या पेन्शनीच्या कागदांवर देवी. पुढे आधारची नोंदणी झाली, तेव्हा लिहून घेणाऱ्या गुजराती तरुणाने आदराने देवीच्या पुढे ‘बेन’ जोडले. बडोद्यात आत्यांना सगळे तसेच हाक मारीत. त्यामुळे ते कोणाला खटकले नाही.

अशी गोष्ट केवळ बडोद्यात घडते असे नाही. तंजावरच्या मराठी कुटुंबांत आडनाव मागे पडून वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे येते. हैदराबादेस व बेळगावास एकच नाव देवनागरीतून तेलुगूत वा कन्नडात आणि तेथून इंग्रजीत जाता जाता आपला एखादा काना हरवून बसते. माणसांना यात अडचण वाटत नाही, कारण माणूस नावापलीकडे पाहतो. जुना कुलकर्णी अक्षरांवरून गावकऱ्याला ओळखीत नसे. त्याच्या बापाला व आजाला तो ओळखीत असे. यंत्राला आजा माहीत नसतो. त्याच्या दृष्टीने ‘बेन’ असलेली बाई आणि ‘बेन’ नसलेली बाई या दोन निरनिराळ्या स्त्रिया आहेत.

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात आत्यांच्या बोटांनीही असहकार पुकारला. पासष्ट वर्षे भांडी घासली, कपडे धुतले, उन्हाळ्यात पापड लाटले. बोटांवरील रेषा त्या कामात झिजून गेल्या. काचेवर अंगठा ठेवला की यंत्र तांबडा दिवा दाखवी. येथे यंत्राची बाजूही समजून घेतली पाहिजे. एकाच बोटाचे दोन ठसे तंतोतंत सारखे कधीच येत नाहीत. किती साम्य दिसले म्हणजे माणूस तोच मानावयाचा, याची एक मर्यादा ठरवावी लागते. ती खाली आणली तर परका माणूस आत शिरतो. वर नेली तर घरचाच माणूस बाहेर राहतो. शून्य चूक कोठेच नाही. समजा, शंभरांत एकाच्याच बाबतीत यंत्र अडले, तरी आपल्या लोकसंख्येच्या देशात तो आकडा एक कोटीच्या पलीकडे जातो. तेव्हा अशी माणसे येणार, हे आरंभापासून गृहीत धरूनच कचेरी चालविली पाहिजे.

ज्या कचेरीत आम्ही गेलो, तेथे ते गृहीत धरलेले नव्हते. खिडकीवरील गृहस्थ उद्धट मुळीच नव्हते. त्यांनी आत्यांना बसावयास खुर्ची दिली, पाणी दिले, चार बोटे पुनःपुन्हा पुसून लावून पाहिली, आणि मग “यंत्र घेत नाही, बा, मी काय करणार?” असे म्हणून हात जोडले. पुढल्या खेपेस बोट कसेबसे लागले, तर नाव जुळेना. चार महिने पेन्शन आली नाही. आत्यांना दोन वेळचे जेवण मुलाच्या घरी होतेच. पण स्वतःची औषधे स्वतःच्या पैशाने आणण्याचा त्यांचा नेम होता, तो मोडला. “अरे, मी समोर बसले आहे, हे त्या माणसाला दिसत होते ना?” एवढेच त्यांनी मला विचारले. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण ते त्याला खरोखरच दिसत होते.

पुढे त्याच कचेरीत बदलून आलेल्या एका तरुण बाईंनी हे काम एका दुपारी उरकले. त्यांनी नवे काहीच केले नाही. बोट लागत नसेल तर अधिकाऱ्याच्या सहीने कागदी दाखला घेता येतो, हा नियम आधीपासूनच होता. तो त्यांनी वाचला होता. पेन्शनीच्या कागदांवरील छायाचित्र व समोरची बाई एकच असल्याची खात्री करून त्यांनी तसे लिहिले आणि खाली स्वतःची सही केली. नावाच्या दुरुस्तीसाठी कोणते कागद लागतील, तेही एका चिठ्ठीवर लिहून दिले. आधीच्या गृहस्थांनाही ही सही करता आली असती. त्यांनी ती का केली नाही, याचा विचार मी पुष्कळ दिवस केला.

माझ्या मते उत्तर असे आहे. चुकीच्या माणसाला पेन्शन दिली गेली, तर हिशेबतपासनीस येतो, खुलासा मागितला जातो, वसुली निघते. योग्य माणसाची पेन्शन अडली, तर कोणाचेही काही बिघडत नाही. त्या चुकीचा कोठे हिशेबच ठेवला जात नाही. ज्या नोकरीत दिल्याची शिक्षा आहे आणि नाकारल्याची नाही, त्या नोकरीतील सज्जन माणूसही हळूहळू नाकारावयास शिकतो. पूर्वी तो नियमाच्या पुस्तकाआड उभा राही. आता यंत्राआड उभा राहतो. यंत्र आणून कचेरी सुधारत नाही, याचे कारण येथे आहे.

मुलकी नोकरीच्या सुधारणेचा विषय आपल्याकडे नवा नव्हे. नॉर्थकोट व ट्रेव्हेलियन यांचा इंग्लंडमधील प्रसिद्ध अहवाल १८५४ चा. त्यांपैकी ट्रेव्हेलियनची उमेदवारी हिंदुस्थानातच झाली होती. वशिल्याऐवजी परीक्षेने माणसे निवडावीत, हे तत्त्व १८५५ पासून हिंदुस्थानच्या मुलकी सेवेला लागू झाले. स्वातंत्र्यानंतर पॉल ॲपलबी यांनी १९५३ साली आपल्या कारभारावर अहवाल दिला. १९६६ साली पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग बसला, २००५ साली दुसरा. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले. त्याचा उद्देश असा, की कर्मचाऱ्याने केवळ नियमाकडे न पाहता आपल्या भूमिकेकडे पाहावे, आणि त्यासाठी त्याला नोकरीभर शिक्षण मिळत राहावे. उद्देश अगदी योग्य आहे. परंतु शिक्षणाने माणसाला सही करता येईल. सही करण्याचे धैर्य त्याला तेव्हाच येईल, जेव्हा प्रामाणिकपणे केलेल्या सहीबद्दल वरिष्ठ त्याच्या पाठीशी उभे राहतील.

महाराष्ट्राने याचे एक उदाहरण फार पूर्वी पाहिले आहे. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी जुन्या दप्तरांची छाननी केली, कचेरीची मांडणी बदलली आणि कोणाचे काम कोणाकडे हे स्पष्ट केले. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ती पद्धत पुढे राज्यभर गाजली. टेबलाटेबलावर संगणक येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. त्यानंतर २०१० साली मध्य प्रदेशाने आणि २०१५ साली महाराष्ट्राने लोकसेवांच्या हमीचे कायदे केले. ठरल्या मुदतीत काम झाले नाही, तर अपील करता येते व कर्मचाऱ्यास दंड होऊ शकतो. नाकारण्याच्या चुकीलाही काही किंमत असावी, हा विचार त्यांत प्रथम दिसतो, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटतात.

सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नाचा दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा मुख्यत्वे वैध ठरविला, परंतु खासगी कंपन्यांना त्याचा सरसकट वापर करू देणारी तरतूद रद्द केली. ओळख पटविताना यंत्र अपयशी ठरले म्हणून खऱ्या हक्कदारास लाभापासून वंचित ठेवू नये, हेही त्या वेळी स्पष्ट झाले. आत्यांना नाकारणाऱ्या खिडकीपर्यंत हा विचार पोहोचावयास मात्र चार वर्षे पुरली नाहीत. दिल्लीतील न्यायासन व बडोद्यातील खिडकी यांमधले हे अंतर तोडणे, यालाच मी प्रशासनाची सुधारणा म्हणतो.

आपल्या घरात कोणी पेन्शनर असतील, तर काही गोष्टी अवश्य कराव्यात. ऐंशी वर्षे पूर्ण झालेल्यांना हयातीचा दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. नोव्हेंबर २०१४ पासून हा दाखला ‘जीवन प्रमाण’ या व्यवस्थेतून देता येतो, आणि २०२१ पासून बोटाऐवजी चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोयही झाली आहे. घरातील एखाद्या नातवाने फोन हातात घेतला तर ते काम ओसरीवर बसून होते. आधार, बँक व पेन्शनीचे कागद समोरासमोर ठेवून नावातील अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून दुरुस्ती विचारपूर्वक करावी. आणि कोणी काम नाकारलेच, तर नम्रपणे कारण लेखी मागावे. लेखी कारण देताना पुष्कळदा नियम पुन्हा वाचला जातो.

आज आपल्या असंख्य घरांतून मुले-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहेत. इतिहास, भूगोल, राज्यघटना सारे त्यांना मुखोद्गत असते. उद्या त्यांच्यापैकी कोणी एखाद्या खिडकीपलीकडे बसेल, आणि झिजलेल्या बोटांची एखादी म्हातारी अलीकडे येईल. तिच्यासाठी नियमाने ठेवलेली वाट त्या मुलाला ठाऊक असावी, आणि कागदाखाली आपले नाव लिहिताना त्याचा हात थरथरू नये. परीक्षेच्या अभ्यासक्रमात हे नसेल, तर घरी शिकविले पाहिजे.