विकतचा सूर्य

(तृतीय वर्ष, कला)

मी कला शाखेचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध दिवाळीत आकाशकंदिलाची वायर जोडण्यापुरता. त्यामुळे गेल्या वर्षी जानेवारीत मी पडवीत सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलो तेव्हा घरात चर्चा सुरू झाली. आजीच्या मते मी परीक्षेची धास्ती घेतली होती. आईने मात्र सरळ निकाल देऊन टाकला, "भायर सूर्य फुकट आसा, आणि ह्यो घरात इकतचो करता!"

आईचे म्हणणे खोटे नव्हते. मला सूर्यच करायचा होता. फक्त साठ लिटर समुद्रापुरता.

आमचे गाव मालवणजवळ. बाबा होडीतून पर्यटकांना प्रवाळ दाखवायला नेतात. मी बारा वर्षांचा असताना त्यांनी मला पहिल्यांदा पाण्यात उतरवले. काचेचा चष्मा लावून मान खाली घातली, तर पुरुषभर खोलीवर एक वेगळाच गाव वसलेला. ते दृश्य डोळ्यांपुढून कधी गेले नाही. पण जून उजाडला की होडी किनाऱ्यावर ओढतात, झावळांखाली झाकतात आणि पुढचे चार महिने समुद्र बंद. तेव्हा मनात आले, त्या गावातले एक घर आपल्या पडवीत असले तर? काचेच्या पेटीत, पावसाळाभर डोळ्यांसमोर?

पेटी सोपी होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. ती शहरातून आणली. पाणी बाबांनी खोल समुद्रातून कॅन भरून आणले. दगड मी ओहोळातले घातले, काळवत्री. पण प्रवाळाला नुसते पाणी पुरत नाही. प्रवाळ हा प्राणी. दिसायला फूल, हाडाने दगड. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे घरमालकाला देते. म्हणजे भाडेकरूच घर चालवतो म्हणा ना! उजेड गेला की भाडेकरू उपाशी, आणि त्याच्यामागून मालकही. आमच्या पडवीत तर दुपारीसुद्धा पुस्तक वाचायचे तर दिवा लावावा लागतो.

साधी ट्यूब चालणार नव्हती. पाणी उजेडातला तांबडा भाग आधी गिळते, निळा सर्वांत खोल जातो. म्हणून त्या शैवालाला निळ्याची सवय. निळा प्रकाश देणारा चांगला एलईडी मात्र माणसाला फार उशिरा साधला. तांबडा १९६२ साली आला, तेजस्वी निळ्यासाठी १९९३ उजाडावे लागले. त्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांची ती करामत मी कुरियरने मागवून वर्तमानपत्राच्या कागदावर मांडली. तीन-तीन वॅटचे बारा दिवे, आठ निळे आणि चार पांढरे. प्रत्येक जण चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसलेला.

गावात टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. ते माझे गुरू झाले. त्यांनी पहिला धडा दिला: हे दिवे उजेडाने मरत नाहीत, उष्णतेने मरतात. म्हणून भंगारवाल्याकडून एका जुन्या अँप्लिफायरची दातेरी ॲल्युमिनियमची पाठ आणली. तिच्यावर उष्णता वाहून नेणारा पांढरा लेप लावायचा आणि चकत्या स्क्रूने आवळायच्या. वरून जुन्या संगणकातला पंखा. दुसरा धडा: या दिव्यांना ठरावीक प्रवाह देणारा ड्रायव्हरच हवा. एका दिव्याला तीन-सव्वातीन व्होल्ट, तेव्हा बारांच्या माळेला चाळीसेक. तिसरा धडा त्यांनी दोनदा सांगितला: घरातली २३० व्होल्टची वायर पाण्यापासून लांब ठेव आणि तिला झोळ दे, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, प्लगपर्यंत जाणार नाही.

हे सगळे वहीत लिहून घेऊनही पहिल्या दिवशी बटण दाबले तर काळोख. एका दिव्याची टोके मी उलटी जोडली होती. ती सुलटी केली, माळ पेटली, आणि तिसऱ्या रात्री पुन्हा काळोख. एका चकतीखाली लेप लावायचा राहिला होता. तो दिवा जळला आणि त्याच्यापायी अकरा जण अंधारात बसले. आजी म्हणाली, "आमच्या दिवाळीच्या माळेसारख्याच मगे ह्या!" अगदी तसेच होते. फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी मात्र दिवा लागला तो लागलाच. पाण्याच्या तळावर उजेडाच्या रेघा थरथरत होत्या. मी तासभर त्या रिकाम्या पेटीसमोर बसून होतो.

आता घरात राहायला कोणीतरी हवे होते. हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता, हे आज कबूल करतो. मिळेल कुठला तरी तुकडा, एवढेच धरून चाललो होतो.

मार्चमध्ये एका दुपारी बाबा बादली घेऊन आले. रोजच्यासारखी हाक मारली नाही. बादली पडवीत ठेवली आणि पायरीवर पाठमोरे बसले. बादलीत तळहाताएवढा प्रवाळाचा तुकडा होता; तपकिरी, आणि मोडल्या जागी पांढराशुभ्र.

"खय गावलो?" मी विचारले.

"माझ्याच नांगरान मोडलो," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या दिव्याखाली जगतलो काय, बघ."

मला जे हवे होते ते माझ्या दारात आले होते आणि तेही बाबांच्या हातून. मनात आनंदाची उकळी फुटली, हे लिहायला आज लाज वाटते. तुकडा पेटीत ठेवण्याआधी, किती उजेड द्यावा हे विचारावे म्हणून मी आमच्या भूगोलाच्या सरांना फोन केला. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि उजेडाचे काही न सांगता कायद्याचे सांगितले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळे आली. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच अनुसूचीत. मोडलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. शिवाय मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे. "अरे, दिवा तुझा आहे, प्रवाळ तुझे नाही," सर म्हणाले. "आजच्या आज जिथले तिथे ठेवा."

मी बाबांना सांगितले. मला वाटले होते ते चिडतील. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यातली माणसे, आम्हाला कायदा कोण शिकवतो, असे काहीतरी म्हणतील. ते नुसते उठले आणि त्यांनी बादली उचलली. ऊन कलताना आम्ही होडी घेऊन गेलो. बाबांनी नांगर लांब वाळूत टाकला, बुडी मारली, तुकडा एका कपारीत घट्ट बसवला आणि वर आले. परतताना दोघेही काही बोललो नाही. घरी आलो तर पडवीत माझा निळा दिवा कोणासाठी म्हणून नव्हे, असाच जळत होता.

दिवा काढून टाकावा असेही वाटले. पण एप्रिलमध्ये आईने बाजारातून कालवे आणली. त्यांच्या एका शिंपल्यावर चण्याएवढा तपकिरी गोळा चिकटलेला होता. मी तो शिंपला पेटीत टाकला. दुसऱ्या दिवशी गोळ्याला बोटे फुटली. ते समुद्रफूल होते, प्रवाळाचे दूरचे भावंड. त्याचा तपकिरी रंग बहुधा तसल्याच शैवालाचा, असे सर म्हणाले. हौशी लोक ज्याला पेटीतले तण म्हणून उपटून काढतात तसल्या जातीचे ते असावे. माझ्या पेटीत मात्र तेच यजमान.

मे महिन्यात एके दिवशी दुपारभर वीज गेली. पंखा थांबला, पाणी बत्तीस अंशांवर गेले आणि समुद्रफुलाने बोटे आत ओढून घेतली. मी पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. तेव्हा सरांचे वर्गातले बोलणे आठवले: समुद्र नेहमीपेक्षा अंश-दोन अंश जास्त तापून काही आठवडे तसाच राहिला, की प्रवाळ आपल्या भाडेकरूला बाहेर काढते आणि पांढरे पडते. जगभर हे १९९८ मध्ये घडले, २०१० मध्ये, २०१४ ते २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ पासून. साठ लिटरांना वारा घालताना माझा हात भरून आला होता.

त्या तुकड्याचे काय झाले? मोसम संपण्यापूर्वी मी बाबांना विचारले. "माका दिसाक नाय," एवढेच ते म्हणाले. पण त्या दिवसापासून ते नांगर वाळूतच टाकतात आणि उरलेले अंतर पाहुण्यांना पोहायला लावतात. पाहुणे कुरकुरतात. एक-दोन जण दुसऱ्या होडीकडेही गेले.

दिवा दहा ते सहा चालू असतो. महिन्याला सात-आठ युनिट जातात आणि आई त्याचा हिशेब ठेवते. जुलैत समुद्र गर्जत होता, होडी झावळांखाली होती. बाबा खुर्ची ओढून पेटीसमोर बसले. बराच वेळ त्या बोटे हलवणाऱ्या फुलाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्येका नांगराचा भय नाय."