कोथेनची वॉलश्ट्रासे आणि आमच्या घरातली पेटी

गेल्या ऑक्टोबरात आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे लाइपझिगला आले. इंदूरहून येणारी मंडळी सहसा बर्लिन, प्राग, जमलं तर स्वित्झर्लंड अशी यादी घेऊन येतात. बाबांच्या यादीत एकच नाव होतं, कोथेन. ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा माझ्या जर्मन सहकाऱ्यांनाही क्षणभर विचार करावा लागला. एकानं विचारलं, "बाखसाठी का?" कारण योहान सेबास्टियन बाख १७१७ ते १७२३ अशी सहा वर्षं तिथल्या राजवाड्यात नोकरीला होता. मी म्हटलं, "नाही, हानेमानसाठी." यावर तो नुसता हसला. तो का हसला हे मला कळलं, आणि थोडा रागही आला. बाबांना हसायचा हक्क आमच्या घरच्यांचा आहे.

होमिओपॅथीचा जनक सॅम्युएल हानेमान १८२१ ते १८३५ अशी चौदा वर्षं कोथेनमध्ये राहिला. लाइपझिगमधल्या औषधविक्रेत्यांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती. हा डॉक्टर आपली औषधं स्वतःच बनवून देतो, तो हक्क आमचा आहे, असं त्यांचं म्हणणं. लाइपझिगमध्ये राहणं अवघड झालं तेव्हा कोथेनच्या ड्यूक फर्डिनांडनं त्याला बोलावून घेतलं आणि औषधं देण्याची परवानगी दिली. पुढे १८५१ मध्ये लाइपझिगनंच त्याचा पुतळा उभारला. रिचर्ड वॅग्नर चौकाजवळ झाडांच्या सावलीत हानेमान बसलेला आहे. मी रोज ट्राम बदलते तिथून चालत पाच मिनिटांवर. चार वर्षांत एकदाही गेले नव्हते.

आता पेटीबद्दल सांगायला हवं.

बाबा बँकेत होते. इंदूरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, एक लाकडी पेटी होती. आत छोट्या बाटल्यांच्या रांगा, प्रत्येक बुचावर बाबांच्या बारीक अक्षरात नाव. शेजारी बोरिकचं जाडजूड मटेरिया मेडिका, पानं पिवळी पडलेली. रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपली की लोक यायचे. पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम. साबुदाण्यासारख्या गोळ्यांची कागदी पुडी, आणि औषध चालू आहे तोवर कांदा, लसूण, कॉफी बंद. गल्लीतल्या किती घरांची कॉफी बाबांनी बंद केली असेल देव जाणे.

पण लोक गोळ्यांसाठी येत होते असं मला आता वाटत नाही. बाबा तासभर ऐकून घेत. कोणत्या कुशीवर झोपता, स्वप्नं कसली पडतात, पंखा हवासा वाटतो की नको, रडू आलं तर चारचौघांत येतं की एकटं असताना. आपल्या झोपेबद्दल इतक्या आस्थेनं कोणी विचारावं, हे साध्या माणसाच्या वाट्याला कितीदा येतं?

या उत्तरांतून बाबा माणसाचं 'औषध' ठरवत. म्हणजे तो माणूसच ते औषध व्हायचा. मऊ स्वभावाची, पटकन डोळ्यांत पाणी येणारी, कोणी जवळ घेतलं की बरी वाटणारी ती पल्सेटिला. चिडका, घाईतला, कामाचा डोंगर घेऊन बसलेला तो नक्स व्होमिका, म्हणजे आपला कुचला. फाटक्या सदऱ्यात मोठमोठे सिद्धांत मांडणारा तो सल्फर. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची अख्खी कार्यकारिणी बाबांनी अशी वाटून टाकली होती. पावती पुस्तक तीनदा तपासणारे, सतरंजीची घडीसुद्धा काटकोनात घालणारे खजिनदार म्हणजे आर्सेनिक, अर्थात सोमल. नाटक बसवणारे काका नक्स. आणि एकदा बोलायला लागल्या की थांबत नसत, गळ्याशी घट्ट काही सहन होत नसे, त्या काकू लॅकेसिस. हे सापाचं विष आहे हे बाबांनी त्यांना कधी सांगितलं नाही. आम्ही मुलं टाळ्या देऊन हसायचो, कारण वर्णनं बसायचीच.

ती का बसतात, हे मला इंजिनियरिंगला असताना कळलं. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिला होता. मी हे बाबांना उत्साहानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हं, हा फोरर सल्फर दिसतोय."

तर, रविवारच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. आईनं यायला साफ नकार दिला. "त्या म्हाताऱ्याच्या घरी मी कशाला येऊ?" म्हणाली आणि नातीला घेऊन बसली. तिचं म्हणणं गंमतीत घ्यायचं की नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

लाइपझिगहून हाल्लेमार्गे कोथेन तासाभरात येतं. दोन्ही बाजूंना सपाट काळी शेतं, मधूनच पवनचक्क्या. बाबा खिडकीशी बसून सांगत होते. हानेमानचा जन्म १७५५ चा, माइसेनचा. डॉक्टर झाला, पण त्या काळची वैद्यकी बघून व्यवसाय सोडून भाषांतरं करायला लागला. १७९० मध्ये कलेनच्या ग्रंथाचं भाषांतर करताना सिंकोनाची साल स्वतःवर घेऊन बघितली आणि हिवतापासारखी लक्षणं दिसली म्हणाला. तिथून सगळी सुरुवात. १८१० मध्ये 'ऑर्गेनॉन'.

"आणि त्या वेळी बाकीचे डॉक्टर काय करत होते?" बाबांनी विचारलं.

हे मला माहीत होतं. रक्त काढत होते, जळवा लावत होते, पारा देत होते. १७९२ मध्ये सम्राट लिओपोल्ड दुसरा वारंवार रक्त काढल्यावर मेला, तेव्हा हानेमाननं त्याच्या वैद्यांवर जाहीर टीका केली. त्याच वर्षी गेओर्गेनथाल इथं क्लोकेनब्रिंग नावाच्या वेड लागलेल्या अधिकाऱ्याला त्यानं साखळ्या-फटक्यांशिवाय, माणसासारखं वागवून ठेवून घेतलं. या माणसाचं मोठेपण मला इथे पूर्ण मान्य आहे. रोग्याचं रक्त सांडण्याऐवजी त्याला साखरेची गोळी देऊन शांत पडू दिलं, तर त्या काळात जास्त रोगी वाचणारच.

गोळीचा हिशोब मात्र मला कधीच पचला नाही. '३० सी' म्हणजे एक थेंब शंभरात, त्यातला एक पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. एकावर साठ शून्यं. ॲव्होगॅड्रोचा आकडा एकावर तेवीस शून्यांच्या आसपास, त्यामुळे बाराव्या पायरीनंतर मूळ पदार्थाचा एक रेणू सापडण्याचीही आशा उरत नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं बरेच अभ्यास चाळून सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजारासाठी नाही. हा वाद आमच्या घरात इतका झालाय की आम्ही आता तो करतही नाही. नुसतं एकमेकांकडे बघतो.

कोथेन छोटं आणि रविवारी चिडीचूप. चौकात दोन उंच मनोऱ्यांचं सेंट याकोब चर्च, थोड्या अंतरावर राजवाडा. त्यात बाखच्या आठवणी आहेत आणि नाउमान या पक्षीतज्ज्ञाचं संग्रहालयही. पक्ष्यांची आवड असेल तर ते चुकवू नका, आम्ही चुकवलं. बाबांना फक्त वॉलश्ट्रासेवर जायचं होतं.

घर साधं. रस्त्याला लागून, फलक नसता तर कोणी थांबलंही नसतं. शेजारच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत होमिओपॅथीचं ग्रंथालय आहे, तेही बंद. एवढ्या लांब येऊन दार बंद, याचं मला वाईट वाटलं. बाबांना अजिबात नाही. ते समोरच्या फुटपाथवर उभे राहून खिडक्या बघत राहिले. याच घरात १८३० मध्ये हानेमानची पहिली बायको, त्याच्या अकरा मुलांची आई, वारली. आणि इथेच १८३४ मध्ये पॅरिसहून मेलानी नावाची तरुणी पुरुषाच्या वेषात त्याला भेटायला आली. तो ऐंशीला टेकलेला, ती चौतीसची. तीन महिन्यांत लग्न, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोघं पॅरिसला. तो १८४३ मध्ये तिथेच वारला.

"मेलानीचं औषध काय असेल?" मी विचारलं. नेहमीचा खेळ म्हणून.

बाबा म्हणाले, "तो खेळ मी सोडलाय."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. जवळच्या बाकावर आम्ही बसलो. त्यांनी इंदूरहून आणलेली शेव काढली, मी डब्यातले पोहे. थंड पोह्यांवर शेव घालून खाताना ते आईबद्दल बोलायला लागले. अकरा-बारा वर्षांत पहिल्यांदा.

झालं होतं असं. आई अचानक थकायला लागली. सतत थंडी, मे महिन्यातही शाल. केस गळत. आणि सगळ्यांतून लक्ष उडालं. मी पुण्याला नोकरीला होते, तिचे फोन दोन वाक्यांत संपायचे. बाबांनी पुस्तक उघडलं. घरच्यांबद्दल उदासीन, एकटं राहावंसं वाटतं, थंडी सोसत नाही, दमून गेलेली गृहिणी. अगदी सेपिया. माकूळ माशाची शाई. एक चित्रकार कुंचला चाटायचा आणि त्यामुळे आजारी पडला, त्याच्यावरून हानेमानला हे औषध सुचलं, अशी गोष्टही होमिओपॅथीवाले सांगतात. बाबांनी आईला सेपिया दिलं. तीस, मग दोनशे. दीड वर्ष. ग्वाल्हेरहून मावशी आली, आईकडे बघून घाबरली आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला घेऊन गेली. थायरॉइड जवळजवळ काम करेनासं झालं होतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. चार महिन्यांनी मी घरी गेले तर आई पोळ्या लाटताना गुणगुणत होती. पेटी माळ्यावर गेली होती. कोणी कोणाला काही बोललं नाही.

"ती सांगत होती, थंडी वाजते," बाबा म्हणाले. "मी लिहून घेतलं. केस गळतात, तेही लिहिलं. सगळं वहीत लिहिलं. आणि औषध इतकं चपखल सापडलं म्हणून खूश झालो. मला वाटलं, तिचा स्वभावच बदलत चाललाय. वयानं."

मी 'जाऊ द्या' म्हणणार होते. म्हटलं नाही.

हानेमाननं स्वतः औषधांची अशी माणसं केली नव्हती, हेही बाबांनीच सांगितलं. त्यानं 'ऑर्गेनॉन'मध्ये रोग्याच्या मनःस्थितीला महत्त्व दिलं, शांत माणसाला ॲकोनाइट क्वचितच लागू पडेल, असं काही लिहिलं. पण 'सेपिया बाई', 'सल्फर पुरुष' ही चित्रं रंगली ती पुढे, अमेरिकेत केंट आणि त्याच्या मागून आलेल्यांच्या हातून. म्हणजे मूळ नोंदीला पुढच्या लोकांनी चेहरे जोडले. आमच्या क्षेत्रातही हे होतं. ग्राहकाचा एक काल्पनिक नमुना भिंतीवर चिकटवतो, त्याला नाव देतो, आणि वर्षभरानं खरा ग्राहक तक्रार करतो तेव्हा म्हणतो, आमचा ग्राहक असं करत नाही.

माझंही औषध ठरलेलं होतं. नॅट्रम मूर, साधं मीठ. आतल्या गाठीची, दुःख जपून ठेवणारी. त्याच्या वर्णनातली एक ओळ बाबांनी पेन्सिलीनं अधोरेखित केलेली मी लहानपणीच पाहिली होती. सांत्वन केलं की त्रास वाढतो, अशा अर्थाची. २००६ मध्ये पीईटीचा निकाल लागला. जीएसआयटीएस मिळणार नाही हे उघड होतं. मी दोन दिवस खोलीत बसून राहिले. बाहेरून बाबांचा आवाज यायचा, "तिला समजवायला जाऊ नकोस, वाढेल." आई उंबऱ्यापर्यंत येऊन परत जायची. दाराच्या फटीतून पुडी आत आली.

"तेव्हा तुम्ही आत यायला हवं होतं," मी म्हटलं.

"तुला नको असेल असं वाटलं."

"दार नुसतं लोटलेलं होतं, बाबा."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. "आता उठू या," म्हणाले, "गार वारा सुटलाय." स्टेशनकडे चालताना त्यांनी माझी पिशवी मागून घेतली. ती रिकामीच होती.

स्टेशनवर गाडीला पंचवीस मिनिटं होती. मी चहा शोधत होते, तो नव्हता. बाबांनी कॉफी घेतली. मी पाहतच राहिले, कारण हानेमाननं १८०३ मध्ये कॉफीच्या विरोधात एक निबंधच लिहिलाय आणि बाबांनी उभा जन्म तो पाळलाय. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. नात मागून ओरडत होती. आईनं विचारलं, "बघितलं का घर?"

"बंद होतं," बाबा म्हणाले.

"आणि बीपीची गोळी?"

त्यांनी खिशात हात घातला, चंदेरी पाकीट काढून कॅमेऱ्यासमोर धरलं, एक गोळी जिभेवर ठेवली आणि कॉफीबरोबर गिळली.

"अरे, पाण्याबरोबर घ्यायची ना!" आई म्हणाली.