माळव्याचे रान

पुरंदर तालुक्यातल्या माळव्याच्या रानाचा हिशेब एकरांत नव्हे, गुंठ्यांत होतो. 40 गुंठ्यांच्या एकरात मेथी-कोथिंबिरीचे वाफे, वांग्यांच्या सऱ्या, दोडक्याचा मांडव आणि बांधाच्या कडेने घेवडा, एवढ्यावर एक घर वर्षभर राबते. ज्वारी पेरल्यावर चार महिने वाट पाहता येते. माळवे तेवढी उसंत देत नाही. मेथी महिन्याभरात काढणीला येते आणि आठवडा लांबला तर जून होते. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. एक तोडा चुकला की फळ निबर होते, आणि निबर फळ झाडावर राहिले की पुढची कळी कमी निघते.

वर्षाची सुरुवात मृगाच्या पावसाने होते. निचऱ्याच्या रानात वाटाणा पेरला जातो. पुरंदरचे पठार उंच आणि थंड, म्हणून इथला वाटाणा पावसाळ्यातही येतो. उत्तरेकडचा वाटाणा हिवाळ्यात उतरण्याआधी तो बाजारात पोचतो, आणि त्याच्या भावाचे मर्म त्यातच आहे. मात्र ढगाळ हवा लांबली की भुरी पडते.

पेरणीच्या याच धांदलीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी येते. घरातले एखादे माणूस वारीला जाते, पण तोड्याला आलेल्या रानापाशी कोणाला तरी थांबावेच लागते. अशा थांबणाऱ्यांचे संत सावता माळी. सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावी त्यांनी मळा पिकवला आणि 1295 मध्ये तिथेच समाधी घेतली. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. आषाढात त्यांच्या पुण्यतिथीला विठ्ठलाचीच पालखी पंढरपुराहून अरणला येते. भाजीवाल्या घरांना या कथेचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

दिवाळीनंतर फ्लॉवर, कोबी, पालक, मुळा यांचा हंगाम. थंडीत पीक सगळ्यात देखणे येते, पण ते सगळीकडेच येते. कोथिंबिरीच्या शेकड्याला काढणीची मजुरीही निघेना, तेव्हा उभ्या वाफ्यात मेंढरे सोडली जातात. उन्हाळ्यात याच्या उलट घडते. विहीर खाली जाते, भिजणारे रान निम्म्यावर येते, आणि जी थोडी गवार-काकडी हाती लागते तिला मोल येते. भरघोस पीक आणि चांगला भाव एका वेळी क्वचितच मिळतात. छोट्या भाजी शेतकऱ्याची खरी ओढाताण ही आहे, कष्टांची त्याला सवय असते.

दिवस पाण्यापासून सुरू होतो. वीज रात्रीची असेल तर दारे धरायला रात्रीच जावे लागते. सकाळी खुरपणी आणि तोडा, दुपारनंतर पालेभाजी उपटून जुड्या बांधणे, रात्री टेम्पो पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डाकडे. विक्री पहाटेच उरकते. पट्टी येते तेव्हा तीत हमाली, तोलाई वजा झालेली असते. 2016 मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि आडतीचा भार शेतकऱ्यावरून खरेदीदारावर गेला. टेम्पोचे भाडे शेतकऱ्याकडेच राहिले.

या रानात बाईचे अख्खे आयुष्य जाते. मुलगी जुड्या मोजता मोजता शंभरापर्यंतचे आकडे शिकते. सासरी आल्यावर खुरपे हातात येते, ते कंबर वाकेपर्यंत सुटत नाही. कोणत्या वाफ्याला पाणी कमी पडले, मावा कुठे दिसू लागला, हे आधी तिला कळते. सातबाऱ्यावर तिचे नाव मात्र क्वचितच असते. ही उणीव हिशेबाच्या चुकीसारखी दुरुस्त व्हायला हवी.

वय झाल्यावर तिच्याकडे बियाणे येते. पहिल्या बहरातला सरळ, निरोगी दुधी ती वेलावरच वाळू देते, घेवड्याच्या वाळल्या शेंगा सोलून बी राखेत घोळवून डब्यात भरते. टोमॅटो, फ्लॉवर आणि कोबीची रोपे आता रोपवाटिकेच्या ट्रेमधून येतात, कारण संकरित वाणाचे बी घरी धरले तर पुढचे पीक सारखे निघत नाही. दुधी, दोडका, घेवडा आणि गवार यांचे घरचे बी अनेक घरांत अजून टिकून आहे.