शब्द वाचणारी माणसं

मंडळी, 'करतील' आणि 'करावे' यांतला फरक शिकवायला लागले की वर्ग जांभया द्यायचा. पण याच फरकावर अख्ख्या जगाचा करार अडला होता!

१२ डिसेंबर २०१५, पॅरिस. हवामान कराराच्या अंतिम मसुद्यात, कलम ४.४ मध्ये, श्रीमंत देशांनी उत्सर्जन कपातीत पुढाकार घेण्याबद्दल 'शुड'ऐवजी 'शॅल' छापलं गेलं. म्हणजे सल्ल्याचं बंधन झालं. मग करार अमेरिकेच्या सिनेटपुढे न्यावा लागला असता, आणि तिथे तो पास होण्याची आशाच नव्हती. अमेरिकन शिष्टमंडळाच्या ते लक्षात आलं, धावपळ झाली, शब्द बदलला, करार झाला.

यात फायदा कोणाचा, हा वाद वेगळा. पण परक्या गावात मसुदा वाचताना घरचा कायदा डोक्यात असणारी माणसं वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतात. आपले चंद्रशेखर दासगुप्ता १९९२ च्या कराराच्या वाटाघाटीत होते, पुढेही अनेक वर्षं त्याच कामात राहिले.

२०२५ मध्ये अमेरिकेने परराष्ट्र खात्यातलं या वाटाघाटींचं ऑफिसच बंद केलं. उद्या मत बदललं तर टेबल-खुर्च्या आठवड्यात येतील हो, पण ती माणसं?