अण्णांचं टिंब

पावसाळ्यात तोरणा ढगात गेला की वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीतली रेंजही जायची. तिथल्या दूध केंद्रासाठी मी नोंदीचं वेब ॲप लिहिलं होतं. पुण्याच्या खोलीत ते झरझर चाले. इथे पहिल्याच सकाळी केंद्र सांभाळणाऱ्या अण्णांनी लिटर-फॅट भरून बटण दाबलं आणि पडदा थिजला. किटल्या घेऊन माणसं खोळंबलेली. नसरापूरमार्गे भोरला जाणारी एसटी चुकेल म्हणून एक आक्का सारखी रस्त्याकडे बघत होती. अण्णांनी पुन्हा दाबलं, आणखी एकदा दाबलं. रेंज आल्यावर आक्काच्या नावावर तीनदा दूध चढलं.

चूक माझी होती. ब्राउझरमध्ये पडदा रंगवणं आणि बोटाला ओ देणं, दोन्ही कामं एकाच धाग्यावर चालतात. सिंक्रोनस रिक्वेस्ट लिहून मी तो धागा सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत अडवून धरला होता.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी जुनी वही काढली, माप लिहिलं, आक्काच्या कार्डावर आकडा टाकला. "जा गं, झालं तुझं." मग माझ्याकडे वळले. "डेअरीचा हिशेब दहा दिवसांनी लागतो बाळा. तोवर तिला उभी ठेवू का?"

त्या वहीत प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक होता. डेअरीशी जुळायच्या नोंदीपुढे टिंब. जुळली की त्यावर बरोबरची खूण. आठवडाभर मी शेजारी बसून ते पाहिलं आणि ॲप नव्याने लिहिलं. बटण दाबताच नोंद फोनमधल्याच इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात जाते, पडद्यावर टिंबासह दिसते, रांग पुढे सरकते. सर्व्हरशी बोलणं मागे चालू राहतं. उत्तर आलं की खूण. नाही आलं तर टिंब तसंच, आणि पुन्हा प्रयत्न. क्रमांक फोनच देतो, म्हणून तीच नोंद तीनदा पोचली तरी सर्व्हर एकदाच धरतो.

बोटाखालची कळ दाबल्याचं सेकंदाच्या दहाव्या भागात कळावं, हे संशोधक रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. पण त्यासाठी पडद्यावर नुसतं फिरतं चक्र दाखवणं मला आजही अपुरं वाटतं. काम चाललंय एवढं ते सांगतं, पण आक्काला एसटीसाठी मोकळं करत नाही.

गेल्या दिवाळीत अण्णांकडे गेलो. निघताना त्यांनी आंबेमोहोराची पिशवी दिली. मी पैसे काढले तर हात धरला. मग वही उघडून माझं नाव लिहिलं, पुढे 'तांदूळ ४ किलो', आणि त्यापुढे टिंब दिलं.