परसांतील शेळ्या

शेळी ही गरिबाची गाय होय, असें म्हणण्याचा प्रघात आहे. शाळामास्तर फारसा श्रीमंत नसतो. तेव्हां आमच्या परसांत गायीऐवजीं तीन सुरती शेळ्या बांधलेल्या आहेत, ह्याचें वाचकांस नवल वाटूं नये. ही जात अंगानें बेताची, दुधाला चांगली, आणि दूरवर चरावयास न जातां दावणीवर सुखानें राहणारी आहे. अमेरिकेंत ह्याच हेतूनें पश्चिम आफ्रिकेंतील ठेंगण्या शेळ्यांच्या वंशांतली 'नायजेरियन ड्वॉर्फ' ही जात पुष्कळ कुटुंबें हौसेनें पाळतात. तिची मादी खांद्यापाशीं २२॥ इंचांहून उंच असूं नये, असा तेथील दंडक आहे. थोड्या जागेंत मावेल व मुलांच्या हातून ज्याची निगा होईल असें जनावर सर्वत्रच हवें असतें.

शेळी सुमारें २१ दिवसांनीं माजावर येते आणि गाभण राहिल्यापासून सुमारें १५० दिवसांनीं विते. करडें जन्मतांच, शक्य तों पहिल्या तासाभरांत, त्यांस चीक पाजलाच पाहिजे. रोगाशीं झगडण्याचें बळ त्यांना त्यांतूनच मिळतें. ओल्या जमिनीवर शेळी निरोगी राहत नाहीं, म्हणून आम्हीं फळ्यांची उंच बैठक केली आहे. चाऱ्यास शेवरी, बाभूळ व सुबाभूळ चालते. पावसाळ्यापूर्वीं आंत्रविषाराची लस टोंचून घ्यावी. माजावर आलेल्या बोकडाचा उग्र दर्प दुधास लागतो. सबब त्यास दूर बांधावें. दूध उकळूनच प्यावें. मात्र तान्ह्या बालकास केवळ ह्याच दुधावर ठेवूं नये. त्यांत फोलेट हें जीवनसत्त्व अल्प असल्यानें पंडुरोगाचें भय असतें.

हें सर्व सवयीनें साधतें. अवघड प्रश्न निराळाच आहे. शेळी व्याल्यावांचून दूध देत नाहीं, आणि करडांपैकीं निम्मे तरी नर निपजतात. थोड्या शेळ्यांस एकच बोकड पुरतो. तोही घरचा चालत नाहीं, कारण जवळच्या नात्यांत संकर होत गेल्यास पुढील करडें अशक्त निपजतात. म्हणून नर विकणें भाग पडतें.

गेल्या वर्षीं दोन जुळ्या नरांस आमच्या मुलांनीं नांवें दिलीं. सहा महिन्यांनीं एक करडूं पैदाशीसाठीं शेजारच्या गांवीं गेलें. दुसरें खाटकाकडे गेलें. ही गोष्ट आम्हीं मुलांपासून लपविली नाहीं. धाकट्या कन्येनें दोन दिवस दुधाच्या पेल्यास हात लाविला नाहीं. "पुढें करडांना नांवच देऊं नका," असें मुलांची आई म्हणाली. कन्या तात्काळ उत्तरली, "नांव नसलें तरी तें जाणारच ना? मग असूं द्या." तिसऱ्या दिवशीं ती आपण होऊन धार काढावयास बसली.

तिचें बोलणें आम्हांस पटलें. ज्या प्राण्याचें आपण घेतों, त्यास न ओळखतां घेणें सोपें खरें; पण त्यानें त्याचें देणें कमी होत नाहीं. पालकांनीं शेळी पाळावी ती केवळ दुधाच्या हिशेबानें नव्हे. पेल्यांतील दुधाचें खरें मोल मुलांस घरींच कळावें, हाही लाभ थोडका नाहीं. आणि विद्यार्थिमित्रहो, करडांस नांवें खुशाल द्या; मात्र तीं असेतोंवर त्यांचा गोठा कोरडा ठेवा, पाणी वेळेवर पाजा, आणि त्यांस पोटभर चारा घाला.